नीलीचं लंघन

दाक्षायणी : आधी साखर आण, अक्का. पाण्यात विरघळव. बाकी सगळं नंतर विचार.

बसव्वा : अगं पर सिद्धूचं लंघन चाललंय. काल दुपारपासनं पोटात काय न्हाई. आत्याबाईंनी सांगितलंय, ताप उतरंस्तवर पाण्याबिगर काय द्यायचं न्हाई.

दाक्षायणी : तेच तर. हाक मारली तर डोळे उघडतो का?

बसव्वा : उघडतोय, पर लगीच मिटतोय. ताप सकाळीच उतरलाय, पर गुंगी जाईना म्हणून लंघन सोडलं न्हाई. थांब, रेशनची साखर हाय थोडी. पर तू कॉलेजातनं मधनंच कशी आलीस?

दाक्षायणी : तुमच्या शेजारच्या केराबाई भेटल्या, त्यांनी सांगितलं. त्यांनाच दुकानात पाठवलंय, भावजींना म्हणावं रिक्षा घेऊनच या. ह्याला दवाखान्यात न्यायचं आहे. तोवर थेंब थेंब पाज. मान वर धर.

(बसव्वा मुलाला मांडीवर घेते, चमच्यानं साखरपाणी पाजू लागते.)

बसव्वा : गिळतोय बग. पर लंघन काय नवीन हाय व्हय? आपली आई पण करायची की.

दाक्षायणी : आपल्याला चालायचं. ह्याला चालणार नाही, असं मला वाटतंय.

बसव्वा : वाटतंय म्हंजी?

दाक्षायणी : मी मेडिकल कॉलेजात काय करते, माहीत आहे ना तुला?

बसव्वा : बकऱ्याचं काळीज वाटतीस. तू येऊन गेलीस की आत्याबाई उंबऱ्यावर पाणी शिंपडत्यात.

दाक्षायणी : त्या काळजातनं मी एक एन्झाइम वेगळं काढते. पोट रिकामं राहिलं की अंगातली साखर संपते, मग शरीर चरबी जाळतं. पण चरबी ओंडक्यासारखी, आख्खी जळत नाही. तिच्या ढलप्या काढाव्या लागतात. ते काम ह्या एन्झाइमचं. एखाद्या पोराच्या अंगात ते जन्मापासनंच नसतं. रोज खातंपितं तोवर कुणाला कळतही नाही. उपाशी राहिलं की साखर संपते, चरबीही कामाला येत नाही, आणि ते असंच गुंगीत जातं. वेळेत खायला घातलं तर उठतं.

बसव्वा : आणि न्हाई घातलं तर?

दाक्षायणी : चमचा थांबवू नकोस.

बसव्वा : दाक्षी, माझ्याकडं बग. माझी नीली पण अशीच गेली की. दुष्काळ सरला त्या साली. ताप उतरला म्हणून मी देवाला नारळ फोडून आले, आणि ही उठंचना. डाक्टर म्हणले, ताप मेंदूत गेला.

दाक्षायणी : तेव्हा त्यांना तसंच वाटलं असणार. मलाही अजून खात्री नाही, अक्का. इथं तपासायची सोयच नाही. परदेशातल्या अशा पोरांबद्दल वाचलं, म्हणून सरांना विचारलं. ते म्हणाले, एकाच आईबापाच्या दोन पोरांना असू शकतं.

बसव्वा : कवा वाचलंस?

दाक्षायणी : संक्रांतीच्या सुमाराला.

बसव्वा : आता ऊन तापाय लागलं.

दाक्षायणी : मी किती वेळा येऊन नुसता चहा पिऊन गेले. तुझ्यासमोर नीलीचं नाव काढवेना. म्हटलं, आधी खात्री करून घेऊ. आज ह्याला काही झालं असतं तर मी...

बसव्वा : ते बोलू नगंस. एक ऐक. आत्याबाईंना ह्यातलं काय सांगू नगंस. विभूती आणाय देवळात गेल्यात. नीलीच्या उशाशी त्याच बसल्या हुत्या. त्यांना सोसायचं न्हाई.

दाक्षायणी : आणि तुला?

बसव्वा : माझं बगू मागनं.

सुंदरम्मा : (विभूती घेऊन दारातून आत येत) मला काय सांगायचं न्हाई? अय्यो शिवा! पोराच्या तोंडाला हे काय? लंघन मोडलं?

दाक्षायणी : साखरपाणी आहे, मावशी. डॉक्टरांनी सांगितलंय.

सुंदरम्मा : कुठला डाक्टर आलता हितं? खोटं बोलू नको, दाक्षव्वा. तापात अन्न म्हंजी विष. माझी समदी लेकरं लंघनानंच उठली.

दाक्षायणी : त्यांना चाललं. ह्याला नाही चालणार. ह्याचा दोष जन्माचा आहे.

सुंदरम्मा : एकट्या ह्याचा?

बसव्वा : आत्याबाई, विभूती लावा की त्याला.

सुंदरम्मा : एकट्या ह्याचा का, दाक्षव्वा?

दाक्षायणी : ...बहुतेक नाही, मावशी.

सुंदरम्मा : हां.

बसव्वा : तवा कुणालाच ठावं नव्हतं. डाक्टरला सुदिक.

सुंदरम्मा : दूध मागत हुती ती. "अज्जी, हालु. अज्जी, हालु." तुझ्याकडं मराठीत मागून बगितलं, मग माझ्याकडं कानडीत मागाय लागली. तिला वाटलं, अज्जी तरी देईल. तू उठलीस द्यायला. मी तुझा हात धरला, बसव्वा.

बसव्वा : धरला. पर मी सोडवून घेतला न्हाई की.

सुंदरम्मा : सासूनं धरलेला हात कोण सोडवून घेतंय?

बसव्वा : आईनं घ्यावा, आत्याबाई.

दाक्षायणी : अक्का, बघ, बघ त्याच्याकडं.

बसव्वा : रडला! आत्याबाई, रडला बगा!

दाक्षायणी : रडू दे, चांगलं आहे. रिक्षा आली वाटतं. मी भावजींना सांगते. वाटी बरोबर घ्या, वाटेतही पाजत राहायचं.

बसव्वा : आत्याबाई, घ्या, तुमी पाजा. मी ह्याला नीट धरते.

सुंदरम्मा : नगं. माझ्या हातनं नगं, माय.

बसव्वा : घ्या म्हणते.

सुंदरम्मा : पाजतेय, पर निम्मं सांडतंय.

बसव्वा : सांडू द्या. निम्मं जातंय की पोटात.