कट्ट्यावरचे कदम

व्हायोला : परत परत तेच सांगायचं का? कुरिअर खाली वॉचमनकडे ठेवायचं. वर यायचं नाही.

राजाराम : अगं व्हायोला, मी. राजाराम. समोरच्या खोलीतला.

व्हायोला : जीजस! मिशी कुठे गेली तुझी?

राजाराम : काढली. मंगळवारी. आज शनिवार. तू पहिलीच विचारणारी.

व्हायोला : आत ये, दारात उभा नको राहू. सम्यकने पण नाही विचारलं?

राजाराम : काल व्हिडिओ कॉल झाला. म्हणतो, पप्पा, तुमचा कॅमेरा पुसा, चेहरा नीट दिसत नाहीये.

व्हायोला : पोरं अशीच. मी केस रंगवायचे सोडले तेव्हा कॅरिसाला सहा महिन्यांनी कळलं. तेही काय, मम्मी, तू आजारी आहेस का? बस. पण का रे काढलीस? राधाला किती कौतुक होतं त्या मिशीचं.

राजाराम : म्हणून तर. दर रविवारी तीच डाय लावून द्यायची, जुन्या टूथब्रशने. तोवर बोलायचं नाही, हसायचं नाही. ती गेली, मग मी स्वतः लावायला लागलो. कधी नाकाला लागायचा, कधी ओठाला. शेवटी सोडला नाद. पांढरीशुभ्र झाली. आरशात बघितलं की वाटायचं, माझा बापच उभा आहे समोर. काळी करता येईना, पांढरी बघवेना. एक दिवस फिरवला रेझर.

व्हायोला : बरा दिसतोस. ओठाच्या वर जरा गोरा आहेस, एवढंच. चहा टाकते.

राजाराम : चहा राहू दे. मी वेगळ्याच कामाला आलोय. एक लफडं झालंय.

व्हायोला : ह्या वयात?

राजाराम : तसलं नाही गं. तात्या माहीत आहे ना तुला?

व्हायोला : तुझा शिवाजी पार्कवाला दोस्त. बँकेतला. राधाच्या वेळी हॉस्पिटलात रोज डबा घेऊन यायचा, तोच ना?

राजाराम : तोच. आमचं बोलणं बंद झालंय.

व्हायोला : तात्याशी? काय झालं?

राजाराम : कॉर्पोरेशनची निवडणूक होती ना, तेव्हा. तात्याचा वॉर्ड राखीव पडला. तात्याच्या भाच्याला तिकीट हवं होतं, त्याचा पत्ता कट. त्यावरून कट्ट्यावर सगळ्यांची चर्चा चाललेली. मी एवढंच बोललो, राखीव तर राखीव, माणूस चांगला निवडा. तर तात्या माझ्याकडे वळून म्हणाला, तुम्हा लोकांना अजून किती पाहिजे?

व्हायोला : असं बोलला?

राजाराम : चारचौघात. वीस वर्षं एका पिशवीतल्या चिकूच्या फोडी खाल्ल्या आम्ही. त्यात मी 'तुम्ही लोक' कधी झालो, मला कळलंच नाही.

व्हायोला : आणि बाकीचे?

राजाराम : एकाने बुटाची लेस बांधली. एक म्हणाला, चला, ऊन आलं. मी उठलो आणि घरी आलो. त्यानंतर संध्याकाळी जायला लागलो फिरायला. पण संध्याकाळी कोण असतं? पोरं क्रिकेट खेळतात, जोडपी बसतात. दोन-दोन दिवस आवाज फुटत नव्हता माझा. सिलिंडरवाला आला तर घसा खाकरून बोलावं लागलं.

व्हायोला : मला मारायची ना हाक. मी तरी काय करते इथे? टीव्ही बघते. त्यात हा पक्ष तुटला, तो पक्ष फुटला, सगळे ओरडतात. मी आवाज बंद करून बघते.

राजाराम : तू आवाज बंद करून बघतेस?

व्हायोला : माणसं हलताना दिसतात ना, तेवढं बरं वाटतं. तू बोल. लफडं काय?

राजाराम : मिशी काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. म्हटलं, बघू, कोण ओळखतं. टोपी घातलेली. कट्ट्याच्या टोकाला तात्या एकटाच. बाकीचे हल्ली येत नाहीत म्हणे, तिथेही दोन गट पडले. मी जरा लांब बसलो, तर तोच म्हणाला, नवीन दिसता, नाव काय? त्याचे डोळे अधू झालेत, मोतीबिंदू. माझ्या तोंडातून निघून गेलं, कदम.

व्हायोला : कदम?

राजाराम : समोर टेम्पो उभा होता, त्यावर लिहिलेलं. मग तो बोलायला लागला. गुडघे, सून, भाज्यांचे भाव. मी पण बोललो. तीन दिवस झाले, रोज जातोय. आणि काल म्हणतो, कदम, माझा एक मित्र होता. त्याला मी नको ते बोललो. आता कुठल्या तोंडाने जाऊ?

व्हायोला : ओ माय गॉड. मग तू काय बोललास?

राजाराम : म्हटलं, गुडघ्याला तेल लावत जा. पळूनच आलो तिथून. आता सांग, काय करू? खरं सांगितलं तर तो शरमेने मरेल. नाही सांगितलं तर मी फसवतोय त्याला.

व्हायोला : राजाराम, एक विचारू? मोतीबिंदू डोळ्यात असतो ना?

राजाराम : मग?

व्हायोला : कानात नसतो. मिशी काढलीस, आवाज तोच आहे. मी तुला दारात कशावरून ओळखलं? 'अगं व्हायोला' म्हणालास म्हणून. आणि वीस वर्षं तुझी बडबड ऐकलेला माणूस तुला कदम समजतो?

राजाराम : म्हणजे त्याला...

व्हायोला : पहिल्या दिवसापासून.

राजाराम : मग बोलला का नाही?

व्हायोला : तू का नाही बोललास? कदमशी बोलणं सोपं आहे ना. मला पण लोक विचारतात, तुम्ही लोक गोव्याचे का? माझगावच्या गावठाणात आमच्या किती पिढ्या गेल्या. पण मी म्हणते, हो, गोव्याचे. कोण वाद घालणार? मान हलवायची, पुढे जायचं. पण ते मासळीवालीकडे ठीक आहे, राजाराम. दोस्ताकडे नाही.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर.)

तात्या : या कदम, या. मला वाटलं, आज येत नाही तुम्ही.

राजाराम : झोप नीट नाही लागली.

तात्या : मलाही. परवा डोळ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, त्यानंतर सगळं स्वच्छ दिसेल.

राजाराम : चांगलं आहे की.

तात्या : चांगलंच. फक्त मग समोरचा माणूस दिसला नाही, असं म्हणता येणार नाही.

राजाराम : हं.

तात्या : तुम्ही भोईवाड्याकडचे ना, कदम?

राजाराम : मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, भोईवाड्याचा म्हणून.

तात्या : नाही सांगितलंत? मग मी कुठेतरी ऐकलं असेल. माझा तो मित्रही तिकडचाच. तुम्हाला भेटला तर माझा एक निरोप द्याल? सांगा, तात्या चुकला. तात्याला वाईट वाटतंय.

राजाराम : नाही देणार.

तात्या : का हो?

राजाराम : ते शब्द कदमला बोलला नव्हतात. कदमकडे माफी कशाला? राधाला तुझ्या डब्यातली कढी आवडायची. शेवटच्या आठवड्यात तिला फक्त तीच जात होती. ते मी विसरलेलो नाही, तात्या. म्हणून तर ते दोन शब्द जास्त लागले. दुसरा कोणी बोलला असता तर मी तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. आयुष्यभर देत आलोय.

तात्या : राजाराम.

राजाराम : बोल.

तात्या : तू त्या बाजूला टोपी घालून बसलास आणि खोकलास, तेव्हाच कळलं मला. वाटलं, उठून जाशील म्हणून नाव विचारलं. तू कदम म्हणालास, मला बरंच वाटलं. म्हटलं, कदम तर कदम, कोणीतरी आहे शेजारी.

राजाराम : मलाही तसंच वाटलं.

तात्या : बरेच दिवस मनात जुळवतोय, तुला काय सांगायचं ते. जिभेवरून निसटलं, असं म्हणणार होतो. पण निसटायला ते आधी आत असावं लागतं ना. ते आत होतं, हेच मला माहीत नव्हतं.

राजाराम : मला तरी कुठे माहीत होतं?

तात्या : ते शब्द आता परत तोंडातून काढवत नाहीत रे मला.

राजाराम : काढू नकोस.

तात्या : मग माफी कशाची मागू?

राजाराम : ते तू शोध. मी बसलोय.