डब्यातली भाजी

व्यसनमुक्ती केंद्रात शिंपीणबाई डबा मांडीवर घेऊन बसली होती. नवरा आत डॉक्टरांकडे होता. मागच्या बाकावर दोघी जावा बोलत होत्या.

"जाऊबाई, भावजींना परत भरती करताय?"

"करतेय खरी. घरी आले की पहिले पाढे पंचावन्न."

"आणि ती गोळी? दारू प्यायलं की उलट्या होतात ती?"

"घेईनात, म्हणून गुपचूप भाजीत कुटून घातली. वर प्यायले, मरता मरता वाचले."

"मग तरी सुटली?"

"दारू कसली सुटते! माझ्या हातचं जेवण सुटलं. पाणीसुद्धा आधी मला प्यायला लावतात."

तेवढ्यात शिंपीणबाईचा नवरा बाहेर आला. "भूक लागलीय गं. दे डबा."

तिच्या नखांत अजून पांढरी पूड होती.

"भाजी बिघडलीय आज."

"असू दे. तुझ्या हातची आहे ना?"