जाळीकडे ढाळ

नको काका, खुर्ची नको, एकोणीस वर्षं खुर्चीवरच बसले होते, तिचंच फळ म्हणून आज तुमच्या बाथरूममध्ये फतकल मारून बसलेय — तुम्ही बसा की दारात, सांधे कालच वाळलेत, मी नुसता फडका फिरवतेय. काय म्हणालात? बाईमाणूस आणि फरशीकाम? अहो, फरशीकाम शिकायच्या वर्गात आम्ही चौदा जण, त्यात एक बँकेतला, एक विमानाची तिकिटं काढून देणारा, दोन शिक्षक — एवढी शिकलेली मंडळी हातात थापी घेऊन बसलेली चांगल्या दिवसांत दिसली असती का कुणाला? मंदीचे उपकारच म्हणायचे. बँकेतल्यानं पहिल्या दिवशी माल कालवायचं प्रमाण वहीत उतरवलं, खाली पट्टीनं रेघ मारली, आणि पाणी घालायलाच विसरला. मास्तर म्हणाले, वा, कोरडं सिमेंट टिकतंही जास्त.

मास्तरांची पद्धत माहितीये? सकाळी भिंतीला फरशा लावायच्या, दुपारी ते येऊन ओळंबा सोडणार, नाक मुरडणार, आणि संध्याकाळी त्याच फरशा आपल्याच हातानं उचकटायच्या, खरवडायच्या, धुऊन रचायच्या — उद्या परत त्याच! तीन महिने. घरी आमचे हे विचारायचे, आज काय उभं केलंस? मी म्हणायची, काही नाही. तर म्हणे, ऑफिसात तरी काय करत होतीस. यांचं बोलणं मी मनावर घेत नाही, यांची नोकरी माझ्या आधी दोन महिने गेलीय आणि अजून इस्त्रीचा शर्ट घालून नऊच्या ठोक्याला सोफ्यावर हजर असतात. एक दिवस खाडा नाही, हं.

म्हणून तर हा कागद हवाय. घरमालकानं लिहून द्यायचं, ढाळ बरोबर आहे, पाणी जाळीकडे जातं — की सोमवारपासून मास्तर मला त्यांच्या टोळीत घेणार. नाही तर पुन्हा तीच भिंत. आमच्या दोघांपैकी कुणीतरी एकानं सोफ्यावरून उठायला हवं ना, काका? सराव म्हणून आधी घरचंच बाथरूम केलं मी. काय सांगू, आरशासारखं सपाट! सपाटी बघायच्या लेव्हलमधला बुडबुडा बरोब्बर मधे. पाणी ओतलं तर जिथल्या तिथे, पाहुण्यासारखं बसून राहिलं. मास्तर म्हणाले, बाई, बाथरूममध्ये बुडबुडा मधे आला की समजायचं, काम फसलं.

बरं, ढाळ हा शब्द मला नवा होता का? छे! बिल्डरच्या ऑफिसात रोज तोच तर ऐकत होते. लोक घराचा ताबा घ्यायचे आणि आठवड्यात तक्रार — मॅडम, पाणी साचतंय. मी सांगायची, नवीन फरशी आहे, बसायला वेळ लागतो. फरशी काय नवी सून आहे, रुळायला वेळ लागायला? पण ऐकायचे हो लोक. काही तर इतके सभ्य — तुम्हीच बघा ना, चौथ्या पत्रातसुद्धा ‘कृपया’! आणि काकू रबरी चटई टाकून आंघोळीला जातात हेही किती संकोचानं —

बोलले मी. झालं.

मला कसं ठाऊक म्हणजे? पत्रं माझ्याच टेबलावर यायची, काका. खाली ‘तक्रारीचं निवारण झालं’ ही सही माझीच. बाथरूम न बघता. बघायला जायचंच कशाला, गेलं की साचलेलं दिसतं. पाचव्या पत्रात काकूंचं खुब्याचं हाड मोडल्याचं होतं. त्याच्याखालीही केली सही, जेवणाच्या सुट्टीआधी टेबल साफ करायचं होतं म्हणून. तेव्हा लाज वाटली नाही. आता वाटते, फार वाटते. मास्तरांनी परीक्षेच्या कामासाठी तुमचा पत्ता वाचला तेव्हा बाकीचे तेरा जण नको म्हणाले — जुनं उचकटायला कष्ट जास्त — मी पत्ता ओळखला आणि हात वर केला. प्रायश्चित्त वगैरे समजू नका हं. सोमवार हवाच आहे मला. आणि आज सही घेऊन गुपचूप निघून जायचं ठरवलं होतं, तेही सांगून टाकते.

असे बघत राहू नका. बादली घ्या, तुम्हीच ओता. त्या कोपऱ्यातून… सावकाश. गेलं. नळाखालचंही गेलं, बघा, थेंब उभा नाही.

नाही नाही, पेन ठेवा खिशात. तुमची सही नको मला, काका. काकूंना बोलवा. वेळ लागू दे, थांबते मी. त्यांना इथे उभं राहू दे, अनवाणी, चटई न टाकता, आणि मी कोण ते आधी सांगा त्यांना, मग वाटलं तर त्यांनीच करावी सही. नाही म्हणाल्या तर कागद फाडा, मी सामान उचलते.

काठी वाजतेय वाटतं. तुम्ही धरा त्यांना, उंबऱ्याशी सांभाळून. मी आता एक शब्द बोलत नाही.