भोंग्याची वायर

भागू : …न्हाई, मी पायरी चढणार न्हाई. च्या नको, पाणी नको. आदी मला सांग अंजना, राती भोंगा का वाजला न्हाई?

अंजना : अवं भागूबाई, जरा हळू. बाळाचा आत्ताशी डोळा लागलाय.

भागू : हळू? माझी गाभण शेळी गोठ्यातनं वढून नेली बिबट्यानं. उसात पार आतपातुर फरफटत नेलीय. आन मी हळू बोलू?

अंजना : मशीनच हाय शेवटी. बिघडलं असंल. माझा ऋषी कंपनीतनं आला की बघंल.

भागू : काल दिवसा तुझं मांजर उसाकडं गेलं तर बोंबलत व्हता की! तवा बरा बिघडला न्हाई! बिबट्याची चाहूल लागली की वाजावा म्हणून सगळ्या वस्तीनं मिळून आणलाय भोंगा. इन्व्हर्टर तुमच्याकडं, म्हणून तुमच्या भिंतीला टांगला. ऊस तोडायला कारखान्याची टोळी यायची हाय, तवर ऊस उभा, आन तवर तो बिबट्या बी आपल्या उशाला. हे ठावं हाय ना तुला?

अंजना : ठावं हाय. आमच्यात बी गाया हायत. वायर उंदरानं कुरतडली असंल, आमी काय करणार?

आरती : उंदरानं नाही, आई. मी काढली.

अंजना : तू कशाला आलीस बाहेर? आत जा. कानाला बांध काहीतरी, वारं हाय.

आरती : मावशी, मी काढली पिन. बोर्डातून उपसून टाकली.

भागू : तू?

अंजना : तिचं काय मनावर घेऊ नका. झोप न्हाई म्हणून बरळती.

आरती : बरळत नाही मी. शौर्य कसाबसा झोपायचा, पाळण्यात ठेवायला वाकले की भोंगा. कुत्रं गेलं, भोंगा. वारा सुटला, भोंगा. माझ्या डोक्याशी भिंत, भिंतीच्या पलीकडे तो. परत रडणं, परत पाजणं, परत खांद्यावर टाकून फेऱ्या. काल रात्री त्याला ठेवला आणि आधी पिन ओढली. काय शांत वाटलं, सांगू!

भागू : तुला शांत वाटलं, आन माझा गोठा रिकामा झाला! आगं, माझी पोरगी अक्षदा पहाटं उठून अंगणात जाती. आमचा संडास बाहेर हाय. शेळीच्या जागी ती असती तर?

आरती : आली होती डोळ्यांपुढं.

भागू : कोण?

आरती : अक्षदा. पिन हातात होती तेव्हा तीच आली डोळ्यांपुढं. म्हटलं, आरती, हे बरं नाही. तरी ओढली.

अंजना : आरते, गप ऱ्हा!

आरती : शेळी ओरडलेलीही ऐकली. उठून कुणाला तरी हाक मारावी असं वाटलं. पण पायच उचलेनात. मनात म्हटलं, मरू दे.

भागू : ऐकलंस अंजना? ऐकलंस तुझी सून काय बोलती? मुकं जनावर, पोटात पिल्लं. लाज कशी वाटली न्हाई गं तुला?

आरती : वाटते ना. पण रागही येतो. तुमचा येतो, आईंचा येतो. त्याचासुद्धा येतो.

अंजना : कुणाचा?

आरती : शौर्यचा.

अंजना : एवढ्याशा लेकराचा?

आरती : हो. पहाटे त्याला पाळण्यात टाकला, तो जरा आपटूनच. मग घाबरले. बिबट्याची नाही, माझीच भीती वाटली मला.

अंजना : आगं देवा… मला का न्हाई उठवलंस?

आरती : उठवलं होतं मागं. तुम्ही म्हणालात, आमी पोरं वाढवली तवा आमाला कोण व्हतं?

अंजना : मग खोटं हाय का ते? बारसं झालं की सासूनं गोठ्यात धाडलं मला. आता धारा मी काढायच्या, कांद्याला बायका लावल्यात त्यांच्या मागं मी फिरायचं, हिचा शेक मी करायचा. हिच्या आईचा पाय प्लास्टरात, न्हाईतर ही माहेरी मढलाच जायची बाळंतपणाला. सगळं माझ्यावर आलं. मी कुणापुढं रडू?

भागू : ऋषी कुठं निजतो?

अंजना : पुढल्या खोलीत. पहाटं कंपनीची बस असती त्याची.

आरती : तिथं भोंगा ऐकू येत नाही.

भागू : आन तुझा नवरा, कुंडलिक?

अंजना : त्यांला ऐकू कमी येतं.

भागू : जेवायला हाक मारली तर येतं का ऐकू?

अंजना : आता माझ्यावर का घसरताय?

भागू : घसरणारच! भोंगा टांगताना मी म्हटलं व्हतं, गोठ्याकडं टांगा. कुंडलिक म्हणला, वायर पुरत न्हाई. चार हात वायरीसाठी बाळंतिणीच्या उशाला भोंगा बांधला, आन आमी सगळ्यांनी माना हलवल्या. मी बी हलवली. आरती, शेवटची कवा झोपलीस गं?

आरती : आठवत नाही.

अंजना : काल दुपारी पडली व्हती की.

आरती : पडले होते. तेवढ्यात शिनोलीचे पाहुणे आले बाळ बघायला. उठून चहा केला.

[आत बाळ रडू लागतं.]

अंजना : घ्या. उठलं.

आरती : आले रे… आले.

भागू : थांब. तू न्हाई. अंजना, हातपाय धुवायला पाणी दे. रानातनं आलेय मी.

अंजना : मघाशी पायरी चढणार न्हाई म्हणत व्हता.

भागू : आता चढते. कुंडलिकाला सांग, भोंगा गोठ्याकडं नेल्याबिगर आज भाकरी न्हाई. आन ऋषी आजपासनं हिच्याच खोलीत निजंल.

अंजना : तो कामावर पेंगंल, भागूबाई.

भागू : पेंगू दे. लेकरू त्याचं बी हाय. पहाटंचं ही काय म्हणली, ते ऐकलंस ना?

अंजना : …ऐकलं.

आरती : मावशी, पिन लावू का परत?

भागू : लाव. तुझ्याच हातानं लाव. वाजला तर ह्याचं कान मी झाकते. ये रे राजा, ये. केवढा तापलास रडून!

आरती : आणि शेळीचं…

भागू : शेळीचं मी इसरले न्हाई. लई राग हाय मला तुझा. उठलीस की भांडू. आता नीज.