दोन हजार मावश्या

“‘नीटनेटका भरू नकोस हं मावशी, नेहमीसारखाच भर,’ असं त्या दिवशी तूच म्हणालीस. म्हणून मी काकांच्या डायलिसिसचा अर्ज अर्धा टाकून चष्मा शोधायला उठले.”

दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेली मावशी भाचीला सांगत होती.

“देवानेच उठवलं तुला! तू भरताना स्क्रीनवरचं सगळं मी रेकॉर्ड करत होते. दवाखान्याची नवी वेबसाइट गर्दीत टिकते का ते बघायला कॉम्प्युटरकडून तुझंच भरणं एकाच वेळी दोन हजारदा करवलं.”

“दोन हजार मी? तुझे काका एकीलाच कंटाळलेत!”

“वेबसाइटही कंटाळली. आम्ही ऑफिसातले भराभर भरायचो तेव्हा छान चालायची. तू सात मिनिटं उठलीस, तेवढा वेळ दोन हजार अर्ज अर्धवट उघडे राहिले आणि ती बंदच पडली.”

“अगं बाई! मग?”

“मग दुरुस्त केली. आज सकाळी खरी गर्दी झाली, पण एकाचाही अर्ज हरवला नाही. तुझे उपकार गं.”

“उपकार कसले? काकांना नंबर मिळाला, मीच हात जोडतेय. बरं, तू बस इथे.”

“कुठे निघालीस?”

“खाली एक आजी भेटल्या. त्यांना मोबाइलवरची अक्षरं दिसत नाहीत. येते म्हटलंय अर्ज भरून द्यायला.”

मावशी सावकाश उठून जिन्याकडे निघाली.