डावीकडचं वावर

चारुशीला : मी भांडायला आलेली नाही, नागसेनजी. उत्तरा माझी मुलगी. पण शेवटी विमानात तिच्याजवळ तिची विद्यार्थिनी, तुमची दीक्षाच होती. मला फक्त ऐकायचंय.

नागसेन : तिनं कालपासून तोंडच नाही उघडलं, ताई. दवाखान्यातून आणली, तशी बसून आहे. पाणी देल्लं का पेते, बस. दीक्षा, मॅडमच्या आई आल्या वं.

(दीक्षा आतून येते.)

चारुशीला : कपाळाला लागलंय. दुखतंय का गं?

दीक्षा : नाही. काहीच दुखत नाही.

चारुशीला : कसं झालं, सांगशील?

दीक्षा : जमीन सोडली, जरासं वर गेलो अन् इंजिन बंद पडलं. मॅडम म्हणाल्या, कंट्रोल सोड, मी घेते. मी सोडलं.

चारुशीला : मागे वळता आलं नसतं?

दीक्षा : तेवढ्या खालून वळलं तर विमान पडते. समोर घरं होती. डावीकडं तुरीचं वावर. त्यांनी तिकडं घेतलं.

नागसेन : हळू बोल, बेटा.

दीक्षा : हळूच बोलून राहिली, बाबा.

चारुशीला : घाबरली होती का ती?

दीक्षा : नाही. माझ्यावर चिडल्या. मी नुसती पाहून राहिली होती. म्हणाल्या, दार आत्ताच उघड, आपटल्यावर ते अडकून बसते. मी माझ्या बाजूचं उघडलं.

चारुशीला : आणि तिच्या बाजूचं?

दीक्षा : त्यांचे दोन्ही हात कामात होते.

नागसेन : राहू दे आता.

चारुशीला : नाही, सांगू द्या तिला.

दीक्षा : चाक बांधावर आपटलं अन् विमान त्यांच्या बाजूवर पडलं. मी पट्टा काढून बाहेर आली. मग त्यांचा पट्टा ओढला, हात ओढला. निघाल्या नाहीत. वावरातली माणसं धावत आली, तोवर त्या बोलत नव्हत्या. मले रडू येऊन नाही राहिलं, काकू.

चारुशीला : मलाही नाही येत. पुढे उडणार आहेस?

दीक्षा : माहीत नाही.

नागसेन : मी तर नाहीच म्हणून राहिलो, ताई. एकच पोरगी आहे आम्हाले.

चारुशीला : हो.

नागसेन : चुकलं माझं, ताई. तोंडातून निघून गेलं.

चारुशीला : बरोबरच बोललात. मलाही एकच होती.

नागसेन : जेवता का दोन घास? वरण-भात आहे. तुमच्या घरी लोक वाट पाहत असतीन म्हणा.

चारुशीला : घर भरलंय माणसांनी. सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसतात. इथेच वाढा, दीक्षाच्या बाजूला.