टेकडीवरची उलटी शिलाई

आणि वर मलाच विचारतात, तुम्हाला फुलं आवडत नाहीत का म्हणून! अहो, आवडली नसती तर आज माझे गुडघे शाबूत असते! मी शिंपी माणूस, तीस वर्षं मशीनपुढे बसून कंबर कामातून गेलेली, रविवार हा एकच दिवस पाय पसरायचा, तर आमच्या हिनं दोघांचं नाव घातलं कुठे? निसर्गफेरीत. सकाळी सहाला टेकडी चढायची, पुढे एक निवृत्त प्राध्यापक बाई, मागे आम्ही नऊजण, आणि बाई दर चार पावलांवर थांबणार, गवतात वाकणार आणि कुजबुजणार, "आवाज करू नका..." का? फूल काय उठून पळणार आहे?

बरं, 'वा, छान' म्हणावं आणि पुढे जावं, तर तेही नाही. इथे फुलांची चौकशी चालते. हे इथलं. हे बाहेरचं. हे बाहेरचं, पण सभ्य. आणि हे बाहेरचं, शिवाय आक्रमक... तुम्हाला सांगतो, मुलीला स्थळ बघतानासुद्धा कुणी इतकं खोदून विचारत नाही! फुलाला काय माहीत, हद्द कुठे संपते ते?

तर हे सगळं कशासाठी? हिच्या बटणफुलासाठी. निळं, शर्टाच्या बटणाएवढं, आख्ख्या टेकडीवर एकाच खडकाखाली येतं आणि फुलतं सात वर्षांतून एकदा. सात वर्षं! मी पँट दोन दिवस उशिरा दिली तर गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेतं, आणि याचं मात्र कौतुक. मागच्या खेपेला ही नेमकी तापानं पडलेली, बघायचं राहून गेलं. तेव्हापासून वर्षं मोजत होती बिचारी.

आणि इथेच माझी अक्कल शेण खायला गेली. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या अंगणात पिवळी फुलं बघितली, अशी ठसठशीत! म्हटलं, त्या एवढ्याशा निळ्या बटणाभोवती अशी पिवळी किनार लावली तर काय उठून दिसेल, ही खूश होईल. मूठभर बी मागून आणलं, हिला न सांगता खडकाशी गेलो आणि पेरलं. मला हिला चकित करायचं होतं. केलं.

यंदा फुलायचा रविवार आला, खडकाशी पोचलो, तर नुसतं पिवळं! कमरेएवढं! मी मनात म्हणतोय, आता बघा ही कशी हसते... तर ही दोन्ही हातांनी ते पिवळं बाजूला सारतेय, आणि खाली निळ्याचा पत्ता नाही, चार कुजक्या काड्या. बाईंनी कपाळावर हात मारला. ही आक्रमक जात, म्हणाल्या, सगळं ऊन खाते, पाणी पिते, दुसऱ्याला जगू देत नाही, आणि ही वाऱ्यानं आलेली नाही, कुणा दीडशहाण्यानं पेरलीय! झालं, सगळे हळहळायला लागले, "अरेरे, कोण असेल हो असा?" मीही हळहळलो. सगळ्यांत मोठ्यानं.

फुलाला काय माहीत, कुणी पेरलं? पण बायकोला माहीत असतं. ही खाली बसली आणि रांग बघायला लागली. रोप, चार बोटं जागा, रोप, चार बोटं जागा, एकदम सरळ रेघेत, आणि टोकाला जाऊन परत मागे वळलेली, दुहेरी. अहो, सवय! शिवण उसवू नये म्हणून टोकाला उलटी शिलाई मारतोच ना आपण? बी पेरताना हात ऐकतो होय? बाकी कुणाला काही कळलं नाही. पण हिनं सत्तावीस वर्षं माझ्या शिवणीला काजं-बटणं केलीत.

ओरडली नाही हो. ओरडली असती तर बरं झालं असतं. डोळे भरलेले, माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "अहो, हे उसवा."

खरं सांगू? फार वाईट वाटलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात हिनं दागिना मागितला नाही, मागितलं काय, तर बटणाएवढं फूल, तेही नुसतं बघायला. आणि ते मी मारलं... प्रेमानं!

तेव्हापासून दर रविवारी मी गुडघ्यांवर. वरवर तोडलं तर दुप्पट येतं, मुळासकटच उपटावं लागतं. आणि बाई नव्या लोकांना मला दाखवतात, "हे आमचे स्वयंसेवक, बघा, किती तळमळ!" ही शेजारी उभी असते आणि चकार शब्द काढत नाही. फुलाला काय माहीत, माझी तळमळ कसली आहे ती!

परवा, अकराव्या रविवारी, खडकाच्या कडेला एक रोप दिसलं. दोन पानं, नखाएवढी. उपटणारच होतो, पण हात थांबला. बाईंनी भिंग लावून बघितलं, म्हणाल्या, बटणफूलच आहे. मी हिला अशी हाक मारली की टेकडीवरचे पक्षी उडाले. ही आली, वाकली, आणि अडीच महिन्यांत पहिल्यांदा हसली. मी छाती फुगवून बाईंना विचारलं, आता हे फुलणार कधी? बाई म्हणाल्या, सात वर्षांनी.

"थांबेन की मी सात वर्षं," ही म्हणाली. "फक्त तोवर मला खूश करायला तुम्ही काही करू नका."

बरं म्हटलं, आणि पुढचं पिवळं उपटायला घेतलं.